चुन्याची निवळी आणि प्रवाळाची भिंत

प्रवाळ म्हणजे काय? दगड, झाड की प्राणी? वर्गात हा प्रश्न विचारला की तिन्ही उत्तरांना हात वर होतात. आणि गंमत अशी, की अगदीच चूक कुणी नसतं!

प्रवाळ हा प्राणी. बहुतेक प्रवाळ-जीव जेमतेम काही मिलिमीटरचे. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते झाडासारखं उन्हात अन्न बनवतं आणि घरमालकालाही वाढतं. शिवाय हा इवलासा जीव समुद्राच्या पाण्यातले घटक घेऊन स्वतःखाली चुनखडीची दगडासारखी बैठक बांधतो. एकाच्या बैठकीवर दुसरा, त्यावर तिसरा. असं हजारो वर्षं चाललं की प्रवाळभित्ती तयार होते. आपली लक्षद्वीप बेटं अशाच बांधकामावर उभी आहेत. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत बरं का!

या बांधकामाचा हिशेब मांडणाऱ्या एका शास्त्रज्ञ बाईंची आज ओळख करून घेऊ. त्यांचं नाव जोन क्लेपस. त्या अमेरिकेच्या. ऑस्ट्रेलियातल्या जेम्स कुक विद्यापीठात त्यांनी पीएच.डी. केली. ग्रेट बॅरियर रीफ ही जगातली सर्वांत मोठी प्रवाळभित्ती तिथून जवळच. पुढे त्यांनी अनेक वर्षं काम केलं ते मात्र अमेरिकेतल्या बोल्डर या गावी. तिथे वातावरणाचा अभ्यास करणारी मोठी राष्ट्रीय संस्था आहे. अभ्यास समुद्राचा आणि कचेरी डोंगराच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून १,६०० मीटरहून उंच!

१९९८ साली बॉस्टनला शास्त्रज्ञांची एक बैठक भरली. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर प्रवाळांचं काय होईल, हा विषय. आकडे समोर आले, आणि क्लेपसबाई उठून बाहेर गेल्या. त्यांना चक्क ओकारी झाली! असं काय होतं त्या आकड्यांत?

ते समजायला एक प्रयोग करा. घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या. पाण्यात थोडा चुना ढवळून रात्रभर ठेवा. सकाळी वरचं नितळ पाणी हलकेच ओतून घ्या. ही झाली चुन्याची निवळी. पेल्यात थोडीशीच घ्या आणि त्यात नळीने फुंका. फक्त फुंकायचं, ओढायचं मुळीच नाही! चुना तोंडात किंवा डोळ्यात जाता कामा नये. तुमच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे निवळी दुधाळ होईल. तो पांढरा रंग म्हणजे चुनखडीचे बारीक कण. इथवर पुस्तकात असतंच. पण थांबू नका, आणखी फुंकत राहा. चिकाटी ठेवलीत तर दुधाळ पाणी हळूहळू पुन्हा नितळ होऊ लागेल. जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडने पाणी आम्लाकडे झुकलं आणि चुनखडी विरघळली!

आपल्या कारखान्यांतून, गाड्यांतून जो कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यातला सुमारे पाव हिस्सा समुद्र पोटात घेतो. त्यामुळे समुद्राच्या पृष्ठभागाच्या पाण्याचा सामू साधारण ८.२ वरून ८.१ वर आला आहे. फरक इवलासा वाटतो ना? पण सामूच्या मापात एवढ्या फरकाचा अर्थ आम्लता पाव पटीहून जास्त वाढली असा होतो. समुद्र अजून काही आम्लधर्मी झालेला नाही, आणि प्रवाळ लगेच पेल्यातल्या चुनखडीसारखे विरघळतील असंही नाही. पण पाण्यातलं कार्बोनेट कमी होतं. गवंड्याला वाळू भरपूर आहे पण सिमेंट मिळेना, तर भिंत उठणार कशी?

१९९९ मध्ये क्लेपसबाईंनी सहकाऱ्यांबरोबर 'सायन्स' या नियतकालिकात हा हिशेब छापला. एकविसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उष्ण समुद्रातलं हे चुनखडीचं बांधकाम १४ ते ३० टक्क्यांनी घटू शकेल, असं त्यात होतं. भरीला पाणीही तापतंय. फार तापलं की प्रवाळ अंगातलं शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. १९९८ मध्ये जगभर असंच झालं. नंतर २०१०, २०१४ आणि २०२३ मध्येही अशा लाटा सुरू झाल्या.

आता सांगा, स्वतःच मांडलेलं गणित इतकं वाईट निघालं तर तुम्ही काय कराल? वही मिटून ठेवाल? क्लेपसबाईंनी आपलं म्हणणं लोकांपुढे मांडणं चालू ठेवलं. २०११ मध्ये त्यांना हाइन्झ पुरस्कार मिळाला. पुढे त्यांनी कोस्टा रिका देशातल्या गोल्फो दुल्से या आखातात तिथल्या माणसांना घेऊन काम सुरू केलं. प्रवाळाचे छोटे तुकडे पाण्याखालच्या रोपवाटिकेत वाढवायचे आणि मोठे झाले की खडकावर नेऊन लावायचे.

पण यामुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड थोडाच कमी होणार? नाहीच होणार. तो कमी करणं हे तुमच्या आई-बाबांचं, माझं, सरकारांचं आणि कारखान्यांचं काम. पण शेतकरी दुष्काळात पोटाला चिमटा घेऊन बियाणं राखून ठेवतोच ना? तसंच हे.

तर मग, निवळी दुधाळ व्हायला किती फुंकी लागल्या आणि पुन्हा नितळ व्हायला किती, ते वहीत मांडा. आणि हो, पालकांनो, फुंकताना मुलांजवळ बसा बरं!