मधल्या बाकावरच्या ऑलिंपिया स्नो

अमेरिकी सिनेटच्या वित्त समितीत १३ ऑक्टोबर २००९ रोजी आरोग्यविम्याच्या विधेयकावर मतदान झालं. १४ विरुद्ध ९. त्या चौदांत रिपब्लिकन सदस्य एकच, मेन राज्याच्या ऑलिंपिया स्नो. नाताळच्या आदल्या दिवशी अंतिम विधेयक सिनेटसमोर आलं, तेव्हा मात्र त्यांनी विरोधात मत दिलं. अशा माणसाला आपण लगेच कुंपणावरचा ठरवतो. स्नोबाईंच्या बाबतीत मला ते मान्य नाही.

स्तनाच्या कर्करोगानं आई गेली तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. वर्षाच्या आत वडीलही गेले. कापडगिरणीत राबणारी मामी आणि केस कापणारे मामा यांनी त्यांना वाढवलं. १९७३ मध्ये आमदार असलेले पती मोटार अपघातात गेले आणि त्यांच्या जागेवर स्नो निवडून आल्या. वय २६. पुढं १९७९ पासून प्रतिनिधीगृह, १९९५ पासून सिनेट.

त्यांच्या कामातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते १९९०च्या सुमाराचं. ऍस्पिरिन आणि हृदयविकार यांचा गाजलेला अभ्यास २२ हजार डॉक्टरांवर झाला होता, आणि ते सगळेच्या सगळे पुरुष! सरकारी पैशानं संशोधन व्हायचं, औषध बायकांनाही दिलं जायचं, पण त्यांच्यावर ते कसं चालतं हे कुणी तपासायचंच नाही. स्नो आणि डेमोक्रॅट पॅट श्रोडर या दोघी महिला खासदारांच्या गटाच्या सहअध्यक्ष. त्यांनी सरकारी लेखापरीक्षकांमार्फत चौकशीचा आग्रह धरला, राष्ट्रीय आरोग्य संस्थेत महिलांच्या आरोग्यसंशोधनाचं स्वतंत्र कार्यालय उघडलं गेलं, आणि १९९३ मध्ये सरकारी खर्चाच्या वैद्यकीय चाचण्यांत स्त्रियांचा समावेश कायद्यानं बंधनकारक झाला.

शाळा आणि वाचनालयांना सवलतीत इंटरनेट देणारी १९९६ची तरतूदही त्यांनी डेमोक्रॅट जे रॉकफेलर यांच्या साथीनं आणली. जनुकीय चाचणीच्या निकालावरून विमा किंवा नोकरी नाकारता येऊ नये, यासाठी त्यांनी दहा वर्षांहून जास्त काळ पाठपुरावा केला. तो कायदा २००८ मध्ये झाला. आईला कर्करोग झालेल्या मुलीला ती चाचणी करून घेण्याची भीती काय असते, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

म्हणूनच २००९चा तो नकार मला आजही खटकतो. घाई आणि नवे कर ही कारणं त्यांनी दिली. ती खोटी नव्हती. पण महिनोन्‌महिने वित्त समितीचे डेमोक्रॅट अध्यक्ष बॉकस यांच्यासोबत सहा जणांच्या बैठकीत बसून ज्यांनी मसुद्यावर काम केलं, त्यांनी शेवटपर्यंत थांबायला हवं होतं. आजाऱ्याला विमा नाकारणं थांबवणारं ते विधेयक त्यांच्याच आयुष्यभराच्या कामाच्या दिशेनं चाललं होतं.

पुढच्या दोन वर्षांत दोन्ही पक्षांत बोलायला माणसं उरेनात. २८ फेब्रुवारी २०१२ रोजी, पुन्हा निवडून येण्याची पुरेपूर खात्री असताना, त्यांनी निवडणूक लढवणार नसल्याचं जाहीर केलं. मेनच्या मतदारांनी त्या जागेवर दोन्ही पक्षांचे उमेदवार बाजूला सारून अपक्ष अँगस किंग यांना पाठवलं.