सौजन्याचा धडा कोणाला?

ईशान्य भारतातून दिल्ली, बंगळूर, पुणे अशा शहरांत शिक्षणासाठी वा पोटासाठी आलेल्या तरुणांना केवळ आपल्या चेहऱ्यापायी जे ऐकून घ्यावे लागते, त्याबद्दल हळहळणारांची वाण नाही. 'चिंकी', 'मोमो', 'चिनी' आणि २०२० नंतर 'कोरोना' ही संबोधने असभ्य आहेत, हे ही मंडळी मान्य करतात. पण लगेच उपदेश सुरू होतो : रागावू नये, बोलणाराच्या मनात द्वेष नसतो, अज्ञान असते, हसून, नम्रपणे 'मीही भारतीयच आहे' असे सांगावे, म्हणजे समोरचा खजील होतो. हा उपदेश आपल्या चळवळीतील सद्भावी साथींच्या तोंडूनही ऐकू येतो, म्हणून त्याची चिकित्सा करणे भाग आहे.

सौजन्याला आमचा विरोध नाही. रेल्वेच्या डब्यात समोर बसलेल्या वृद्ध शेतकऱ्याने 'पोरी, तू कुठल्या देशची गं?' असे निर्मळ कुतूहलाने विचारले, तर इंफाळ कोठे आहे हे तिने चार शब्दांत सांगावे. त्यात कमीपणा कसला? तिच्या प्रदेशाचा इतिहास ज्या देशाच्या क्रमिक पुस्तकांत ओळीदोन ओळींत आटोपला जातो, त्या देशात असा प्रश्न पडणारच. परंतु तोच प्रश्न घरमालक खोली नाकारण्यापूर्वी विचारतो, टवाळांचे टोळके रात्री रस्ता अडवून विचारते, तेव्हा तो प्रश्न राहत नाही. तेथे अज्ञान नसून सत्ता बोलत असते, आणि सत्तेला भूगोलाचा धडा देऊन उपयोग नसतो.

शिवाय 'मी चिनी नाही, भारतीय आहे' हे उत्तर नम्र असले तरी तर्काच्या दृष्टीने घातक आहे. त्यात असे गृहीत धरले जाते की, बोलणारी व्यक्ती खरोखरच चिनी वंशाची असती तर शिवी योग्य ठरली असती! ही निव्वळ तात्त्विक शंका नव्हे. १९६२ च्या युद्धानंतर आसाम, शिलाँग, दार्जिलिंग, कालिंपाँग येथील सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना घरांतून उचलून राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबण्यात आले. त्यांतले कित्येक याच भूमीवर जन्मले होते. कित्येकांच्या आया आसामी वा खासी होत्या. 'आम्ही येथलेच' असे त्यांनीही सांगितले असेल. काहींची सुटका व्हायला वर्षे लागली. (याच देवळीत १९४०-४१ साली इंग्रजांनी कॉ. डांगे, कॉ. रणदिवे यांना डांबले होते, हे मराठी वाचकांना आठवत असेल. राज्यकर्ते बदलले, छावणी तीच कामी आली.) चेहरा हा परकेपणाचा पुरावा मानण्याची रीत एकदा पत्करली की कागदपत्रे दाखवून सुटका होत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये देहरादून येथे त्रिपुरातील एका विद्यार्थ्यावर प्राणघातक हल्ला झाला. आपण भारतीय आहोत असे त्याने हल्लेखोरांना सांगितले होते, असे वृत्त आहे. पोलिसांनी वांशिक हेतूचा इन्कार केला, कुटुंब मात्र त्यावर ठाम राहिले. शांतपणे दिलेल्या ओळखीने त्याचे प्राण वाचले नाहीत, एवढे तरी खरे.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण २०१४ च्या जानेवारीतील. दिल्लीच्या लजपत नगरात अरुणाचल प्रदेशातील एका विद्यार्थ्याच्या केसांची आणि रूपाची टर उडविण्यात आली. त्याने रागाने दुकानाची काच फोडली; त्याला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. तेव्हाही 'त्याने संयम पाळला असता तर' असे म्हणणारे निघालेच. काचेची किंमत आणि माणसाच्या जिवाची किंमत एका तराजूत घालणारे हे सौजन्य आम्हांला मान्य नाही.

राज्ययंत्रणेने हा उपदेश तर छापूनच काढला होता. २००७ साली दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडील विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत मुलींनी कपडे कसे घालावेत आणि बांबूचे कोंब, अखुनी यांसारखे उग्र वासाचे पदार्थ शिजवून शेजाऱ्यांना त्रास कसा देऊ नये, याचे मार्गदर्शन होते. शेजाऱ्यांसाठी अशी पुस्तिका निघाल्याचे ऐकिवात नाही.

नाकाडोळ्यांवरून माणसाची प्रत ठरविण्याची ही विद्या काही लोकांच्या 'अज्ञानातून' उगवलेली नाही; ती सरकारी खर्चाने रुजविलेली आहे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी मोजून जातींची उतरंड लावली आणि हिंदुस्थानच्या रहिवाशांचे वंशवार गट पाडले. ईशान्येकडील लोकांना 'मंगोलॉईड' हा शिक्का मिळाला. त्याच मोजपट्टीने महाराष्ट्रातील ब्राह्मण आणि कुणबी दोघेही 'सिथो-द्राविड' ठरले होते, हे आज कितीजणांना ठाऊक आहे? आपल्यावरचा शिक्का कालांतराने पुसला गेला, म्हणून तो दुसऱ्याच्या कपाळी वाचण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही. १९२७ साली बर्लिनला गेलेल्या इरावती कर्वे यांनी ऑयगेन फिशर या वंशवादी प्राध्यापकाच्या हाताखाली कवट्या मोजल्या, आणि गुरूला हवा असलेला वांशिक भेद त्यांत आढळत नाही, असा निष्कर्ष लिहून दिला. नम्रता त्यांच्याकडेही होतीच. मान तुकवणे नव्हते.

परंतु या प्रश्नाचा गाभा वेगळाच आहे आणि हळहळणारी मंडळी तिकडे वळत नाहीत. उपाहारगृहे, ब्यूटी पार्लर, मॉल, इस्पितळे, पहाऱ्याची कामे यांत ईशान्येकडील हजारो तरुण राबत आहेत. चिनी वा जपानी खाद्याच्या महागड्या हॉटेलांत तर तोच चेहरा सजावटीचा भाग म्हणून दारात उभा केला जातो. म्हणजे रस्त्यावर ज्या डोळ्यांची टिंगल, त्याच डोळ्यांचा आत धंदा! येथे गिऱ्हाईक 'ए चिंकी' म्हणून हाक मारते, तेव्हा हसून उत्तर देणे हा त्या मुलीच्या स्वभावाचा प्रश्न नसतो. हसू हा तिच्या पगाराचा भाग असतो. तिने उलट उत्तर दिले तर गिऱ्हाईक तक्रार करते, व्यवस्थापक पगार कापतो, आणि नोकरीबरोबर मालकाने दिलेली खोलीही जाते. अशा मुलीला 'नम्र राहा' असे सांगणे म्हणजे मालकाच्या शिस्तीला नीतीचा मुलामा देणे होय.

कायद्याची कथा थोडक्यात सांगता येईल. २०१४ च्या घटनेनंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक अपमानासाठी दंडसंहितेत १५३-क आणि ५०९-अ अशी नवी कलमे सुचविली. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता अंमलात आली, पण ती कलमे कागदावरच राहिली. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आधार आहे. दुसऱ्या राज्यात गेल्याने हे संरक्षण संपत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०२३ साली दिला. मात्र मैतेई किंवा नेपाळीभाषक कामगारांपैकी बहुतेकांना तो आधारही नाही, कारण ते अनुसूचीत नाहीत. शिवी देणारा अनुसूची पाहून शिवी देत नाही.

तेव्हा उत्तर कसे द्यावे, हे ज्याचे त्याने प्रसंग पाहून ठरवावे. तो त्याचा अधिकार आहे. आपल्यापुढचा प्रश्न निराळा आहे. हाक ऐकून आजूबाजूला जे दहाजण गालात हसतात किंवा वर्तमानपत्रात तोंड घालतात, त्यांत आपले साथी असतात की नाही? कारखान्याच्या कँटीनमध्ये, वसतिगृहात, चाळीत पहिला आक्षेप शिवी खाणाऱ्याने नव्हे, शेजारच्या मराठी, हिंदी, कन्नड कामगाराने घेतला पाहिजे, आणि तोही सौजन्याने घेता येतो. हॉटेल कामगारांच्या मागणीपत्रात 'अपमान करणाऱ्या गिऱ्हाइकाची सेवा नाकारल्याबद्दल पगार कापला जाणार नाही' हे कलम पगारवाढीच्या शेजारी बसले पाहिजे, आणि ते मांडायला मणिपूर-मिझोरामचे कामगार आधी युनियनचे सभासद झाले पाहिजेत. त्यांच्यापर्यंत पोहोचायला वर्गणीचे पुस्तक घेऊन कोण, कधी जाणार, हे शाखांनी येत्या बैठकीत ठरवावे.