बसला म्हणजे चालला?

स्पार्क प्लगची आकृती काढून भागांना नावं देणं आपल्यापैकी कोणालाही झोपेतही जमेल. पण एखाद्या जुन्या आउटबोर्ड मोटरसाठी प्लग निवडून दे म्हटलं, तर अर्धा वर्ग दुकानदाराकडे बोट दाखवेल. मित्रहो, माझा आक्षेप इथेच आहे.

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागे टांगलेली मोटर. आमच्या कोकणात लहान होड्यांवर जुन्या टू-स्ट्रोक मोटरी अजून दिसतात. प्लग खराब झाला की दुकानात जाऊन "असाच द्या" म्हणायचं, आटे जुळले की काम फत्ते! पण बसला म्हणजे चालला, असं नसतं.

एनजीकेचा बी७एचएस घ्या. 'बी' म्हणजे १४ मि.मी.चे आटे, 'एच' म्हणजे आट्यांची लांबी १२.७ मि.मी. 'एच'च्या जागी 'ई' आला की हीच लांबी १९ मि.मी. होते आणि प्लग थेट पिस्टनला भिडू शकतो. राहिला ७, ती हीट रेंज. खरी गोम तिथेच आहे.

'हॉट' प्लग म्हणजे मोठी ठिणगी, हा हॉस्टेलमधला लाडका गैरसमज. हॉट प्लगचं टोक उष्णता सावकाश सोडतं, कोल्ड प्लगचं पटकन. टोकाचं तापमान साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या खाली राहिलं तर काजळी जळत नाही. ८५० च्या बरंच वर गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. मासेमारीची होडी जाळं टाकताना तासन् तास हळू चालते, परतताना फुल थ्रॉटल. दोन्ही टोकं सांभाळणारा नंबर बनवणाऱ्याने मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. आधी तो बघा.

त्यात आणखी गंमत म्हणजे एनजीकेचा आकडा वाढला की प्लग कोल्ड, तर बॉशचा (जुन्या लोकांचा 'मायको') आकडा वाढला की हॉट! म्हणजे कंपनी बदलून फक्त आकडा जुळवला की फसलोच. तक्ता बघितल्याशिवाय पर्याय घेऊ नये.

कोणी म्हणेल, सरळ महागडा इरिडियम टाका. तो जास्त टिकतो हे खरं, पण हीट रेंज चुकली तर तोही चुकलाच. आणि जुन्या मोटरमध्ये ऑइल जास्त पडत असेल तर तोही काळा होणारच. प्लग काळा-ओला निघाला म्हणून लगेच हॉट प्लग लावणं म्हणजे ताप बघायचा सोडून थर्मामीटर बदलणं. आधी ऑइलचं प्रमाण आणि कार्बोरेटर तपासा. टोक फिकट तपकिरी असेल तर निवड बरोबर. पांढरंफटक असेल तर मोटर थांबवून कारण शोधा.

सरांना एक विनंती. आय. सी. इंजिनच्या लॅबमध्ये एक प्रॅक्टिकल जुन्या, वापरलेल्या प्लगांचं ठेवा. ट्रेमधला प्लग उचलायचा, नंबर वाचायचा, इंजिनला काय झालं होतं ते सांगायचं. व्हायवा तिथेच होऊन जाईल.

बाईक रस्त्यात बंद पडली तर ढकलत पंपापर्यंत नेता येते. खाडीच्या तोंडाशी, ओहोटीला मोटर बंद पडली तर होडी ढकलायला कोणी येत नाही. एवढं लक्षात ठेवून प्लग निवडला, तर आकृतीचे मार्क गेले तरी चालतील.