नोझलची घाण येते कुठून?



गहू ओंबीवर यावा, विहिरीला पाणी असावे आणि नेमके तेव्हाच इंजिन काळा धूर ओकू लागावे, हा अनुभव पुष्कळांचा असेल. अशा वेळी दोष बहुधा इंजेक्टरमध्ये, म्हणजे आपण ज्याला नोझल म्हणतो त्यात असतो.

डिझेलच खराब आले, असे आपण म्हणतो. मुंबईत चेंबूरजवळ माहूलला तेलशुद्धीचे दोन मोठे कारखाने आहेत. एक 1954 साली व दुसरा 1955 साली सुरू झाला. तेथील डिझेल नळातून मनमाडजवळ पानेवाडीला आणि पुण्याजवळ लोणीला येते, तेथून टँकरने पंपावर. एप्रिल 2020 पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलात गंधकही नाममात्रच असते. घाण मिसळते ती बहुधा पंप ते मळा या वाटेवर, आपल्याच कॅनमध्ये आणि पिंपात.

नोझलची सुई आणि तिचे घर यांत केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाएवढीच फट असते. धुळीचा कण तेथे ओरखडा काढतो, पाणी गंज चढवते. मग फवारा न उडता थेंब गळतो, अर्धवट जळतो आणि काजळी भोकावर बसते. इंजिन तासन्‌तास बिनभाराने चालवले तरी हेच होते.

साफ करताना आधी बाहेरची माती पुसावी, मगच नळी सोडवावी व तिचे तोंड झाकावे. सुई व घर स्वच्छ डिझेलमध्ये धुवावे. काजळी पितळी ब्रशने काढावी. पॉलिश पेपर किंवा लोखंडी तार लावू नये. सुई-घराची जोडी एकच असते, दुसऱ्या नोझलशी अदलाबदल नको. धुतलेली सुई थोडी वर ओढून सोडली, की स्वतःच्या वजनाने सरकत खाली बसली पाहिजे. अडकली तर नोझल बदलावे. बसवताना वॉशर नवा घालावा. दाब व फवारा मिस्त्रीकडून यंत्रावर तपासून घ्यावा.

फवारा हातावर कधीही घेऊ नका. दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक इस्पितळ गाठा व काय झाले ते डॉक्टरांना सांगा. नव्या ट्रॅक्टरला किंवा मोटारीला कॉमन रेल असेल, तर नोझल घरी उघडूच नये.

पण खरी राखण पिंपाशीच आहे. जस्ताचा मुलामा असलेले पिंप नको. पिंप सावलीत, झाकण घट्ट लावून, किंचित कलते ठेवावे. डिझेल रात्रभर निवू द्यावे; तळचे पाणी व गाळ टाकीत जाऊ देऊ नये. बारीक जाळीने गाळावे, चिंधीने नव्हे, तिचे सूत सुटते. फिल्टर वेळेवर बदलावा. फिल्टरचा खर्च नोझलपेक्षा कमी आणि वाळलेल्या गव्हापेक्षा तर फारच कमी.