विश्लेषण : पिळदार शरीराने आत्मविश्वास वाढतो, पण जोडीदार मिळतो का?

'सैराट'मधला परश्या पडद्यावर येण्याआधी आकाश ठोसर पैलवानकी करत होता. कॉलेजात जाणारा, क्रिकेट खेळणारा, विहिरीत सूर मारणारा मुलगा तालमीतला मल्ल दिसून चालणार नव्हता. त्यामुळे भूमिकेसाठी त्याला वजन घटवावे लागले. करमाळा तालुक्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला, त्याचे बरेचसे चित्रीकरणही याच तालुक्यात झाले. आज मात्र तालुक्याच्या गावांतील तरुणांची धडपड नेमकी उलट दिशेने सुरू आहे. दंड, छाती, पोटावरच्या 'पॅक्स'चे रील इन्स्टाग्रामवर पडतात आणि त्यामागे एक हिशेब असतो, शरीर झाले की मुली बघतील. हा हिशेब कितपत बरोबर आहे?

आत्मविश्वास नेमका कशाने वाढतो?

व्यायाम आणि आत्मविश्वासाचा संबंध खरा आहे. पण तो आरशातून येतो, ही समजूत अर्धवट आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार 'हे मला जमते' ही भावना सर्वाधिक बळकट होते ती एखादी अवघड गोष्ट प्रत्यक्ष करून दाखवल्याने. पहिल्या आठवड्यात अर्ध्या वाटेत धाप लागणारा मुलगा दोन महिन्यांनी न थांबता १६०० मीटर धावतो, तेव्हा त्याच्या वजनात कदाचित किलो-दीड किलोचाच फरक पडलेला असतो. बदललेली असते ती त्याची स्वतःबद्दलची खात्री. व्यायाम करणाऱ्यांना शरीर फारसे बदललेले नसतानाही स्वतःचे शरीर अधिक आवडू लागते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. झोप सुधारते, चिडचिड कमी होते. समोरच्याशी नजर मिळवून बोलायला याचीच मदत होते.

त्यासाठी महागडे पॅकेज लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम पुरतो. रोज अर्धा तास झपाझप चालणे आणि घरच्या घरी जोर-बैठका, एवढ्यात हे बसते.

किती पिळदार म्हणजे आकर्षक?

अमेरिकेतील डेव्हिड फ्रेडरिक आणि मार्टी हॅसल्टन या संशोधकांनी २००७ मध्ये 'पिळदार शरीर आकर्षक का वाटते' याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तरुणींनी सर्वाधिक पसंती दिली ती मध्यम बांध्याच्या, कसलेल्या पुरुषांना. स्नायू त्यापुढे वाढत गेले तशी पसंती उतरली. शिवाय फार पिळदार पुरुष दीर्घकाळ साथ देतील, याबद्दल त्यांना शंका वाटली. म्हणजे ज्या टप्प्यावर जिममधले मित्र 'आता कुठे बॉडी दिसायला लागली' म्हणतात, तिथून पुढची मेहनत बहुधा मित्रांच्याच लाइक्ससाठी असते.

डेव्हिड बस यांच्या १९८९ च्या गाजलेल्या पाहणीत भारतासह ३७ संस्कृतींमधील दहा हजारांहून अधिक जणांना जोडीदारात काय हवे, असे विचारले होते. समजूतदारपणा आणि बुद्धी हे गुण स्त्री-पुरुष दोघांच्याही यादीत अगदी वर होते. फोटोवर बोट थांबते ते शरीर पाहून, हे खरे. पण बोलणे सुरू झाल्यावर मोजपट्टी बदलते.

मग करमाळ्यासारख्या ठिकाणी अडते कुठे?

मोठ्या शहरात डेटिंग अ‍ॅपवर अनोळखी व्यक्ती भेटते. तालुक्याच्या गावात ती व्यक्ती कुणाची तरी चुलतबहीण निघते. ओळख, मैत्री, प्रेम हे सगळे इथे लवकरच लग्नाच्या प्रश्नाला येऊन भिडते, आणि तिथे दंडाचा घेर कुणी विचारत नाही. जात, शेती किती, नोकरी कुठे, पुण्यात फ्लॅट आहे का, हे विचारले जाते.

याच सोलापूर जिल्ह्यात २१ डिसेंबर २०२२ रोजी अविवाहित तरुण नवरदेवाच्या वेशात, बँडबाजासह, काही जण घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले होते. ज्योती क्रांती परिषदेच्या या मोर्चाची समाजमाध्यमांवर भरपूर थट्टा झाली. मागणी मात्र थट्टेची नव्हती. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याची कडक अंमलबजावणी करा, असे ते म्हणत होते. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६ होती. २००१ मध्ये ती ९१३ वर आणि २०११ मध्ये ८९४ वर आली. २००१ च्या जनगणनेत मोजलेली ती मुले आज पंचविशी-तिशीत आहेत. ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत, त्यांची उणीव कोणताही डंबेल भरून काढू शकत नाही. ज्या आहेत, त्यातल्या शिकलेल्या अनेक जणींना शेतकरी नवरा नको आहे, आणि त्यामागे उसाच्या बिलाची वाट पाहणाऱ्या घरात वाढल्याचा अनुभव आहे.

शरीराला इथे थेट किंमत मिळते ती एका ठिकाणी, पोलिस भरतीत. पुरुष उमेदवाराला किमान १६५ सेंटिमीटर उंची लागते, छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून पाच सेंटिमीटर अधिक. मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यात १६०० मीटर धावण्याला २०, तर १०० मीटर धावणे आणि गोळाफेकीला प्रत्येकी १५ गुण. वर्दी मिळाली की स्थळांची रांग लागते. पण २०२४ च्या भरतीत १७,४७१ पदांसाठी सुमारे पावणेअठरा लाख अर्ज आले होते, म्हणजे एका जागेमागे शंभर. बाकीच्या नव्व्याण्णवांकडे कसलेले शरीर उरते, नोकरी नाही.

मुलींचे गणित वेगळे आहे का?

बरेच वेगळे. मुलाचे शरीर 'कमावलेले' म्हणून मिरवले जाते, मुलीचे 'नाजूक' असावे अशी अपेक्षा असते. बायोडाटात उंची आणि वर्ण हे रकाने तिच्या बाबतीत जास्त बारकाईने वाचले जातात. तरी याच भरतीने एक दार उघडले. महिला उमेदवाराला १५५ सेंटिमीटर उंची आणि ८०० मीटर धावणे असते. त्यासाठी पहाटे ट्रॅकपँट घालून डांबरी रस्त्यावर पळणारी मुलगी घरच्यांना मान्य करावी लागते. ती भरती झाली नाही तरी गावाच्या नजरेसमोरून वर्षभर पळालेली असते. 'सैराट'मधली आर्ची ट्रॅक्टर आणि बुलेट चालवते म्हणून टाळ्या पडल्या होत्या. पळणाऱ्या मुलीला टाळ्या मिळत नाहीत. पण दाखवायच्या कार्यक्रमात ती आधीइतकी मान खाली घालून बसत नाही, आणि नको असलेले स्थळ नाकारण्याचे बळ तिला यातून मिळू शकते.

धोका कुठे सुरू होतो?

घाई झाली की. शस्त्रक्रियेदरम्यान रक्तदाब वाढवण्यासाठी वापरले जाणारे मेफेंटरमाइन सल्फेट हे इंजेक्शन व्यायामासाठी बेकायदा विकणाऱ्यांवर राज्यात पोलिस आणि अन्न व औषध प्रशासनाने अनेकदा कारवाई केली आहे. त्याने काही काळ थकवा जाणवत नाही. पण त्याचे व्यसन लागते, हृदयाचे ठोके बिघडतात, काहींना भास होतात. कितीही स्नायू वाढले तरी आपण किडकिडीतच आहोत, असे वाटत राहणे हाही मानसिक विकार आहे. डॉक्टरांच्या भाषेत त्याला 'मसल डिसमॉर्फिया' म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत.

स्टेरॉइड्सची गोष्ट तर लग्नाची आस असलेल्यांनी विशेष लक्षात घ्यावी अशी. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की शरीर स्वतःचे तयार करणे थांबवते, वृषण आकसतात आणि शुक्राणूंची संख्या घटते, कधी शून्यावरही येते. औषध बंद केल्यावर ती पूर्ववत होण्यास अनेक महिने, काहींच्या बाबतीत वर्षाहून अधिक काळ लागतो.