खाड्याचे पैसे आणि सोंवळा खेळ

पैशानें खेळ बाटतो असें कोणी म्हणाला, कीं त्याची चूल कशावर पेटते तें आम्ही आधीं पाहतों. इंग्लंडांतील रग्बीची हकीकत अशीच आहे.

हातांत चेंडू घेऊन धांवण्याचा हा खेळ रग्बी गांवच्या, श्रीमंतांच्या मुलांच्या शाळेंतून निघाला. पुढें यॉर्कशायर व लँकेशायरमधील गिरणी-खाणींतले मजूर तो खेळूं लागले, आणि साहेबांना हरवूंही लागले! शनिवारीं त्यांना अर्धा दिवस सुटी असे. पण परगांवच्या सामन्याला सकाळींच निघावें लागे. म्हणजे कामाचा खाडा. त्यांनीं पगार मागितला नाहीं, बुडालेली मजुरी तेवढी भरून द्या म्हणाले. 1893 सालीं लंडनच्या सभेनें हा ठराव 282 विरुद्ध 136 मतांनीं पाडला. ज्याच्या घरीं व्याजभाडें आपोआप येतें, त्याचा खाडा पडणार कसा?

29 ऑगस्ट 1895 रोजीं उत्तरेकडील क्लबांनीं हडर्सफील्ड येथें वेगळी संस्था काढली, व दिवसाला 6 शिलिंगांपर्यंत खाड्याचे पैसे देऊं केले. जुन्या मंडळानें रोटीबेटी तोडावी तसा त्यांच्याशीं व्यवहार तोडला. तिकडे खेळला तो जन्माचा बहिष्कृत, मग त्यानें एक पैही घेतलेली नसो!

हें सोंवळें शंभर वर्षें टिकलें. दूरचित्रवाणीचा पैसा दारीं आला, तेव्हां ऑगस्ट 1995 मध्यें जुन्या पंथानेंही खेळाडूंना उघड पैसे घेण्याची मोकळीक दिली. खेळ मात्र अजून दोनच आहेत. मजुरांच्या पंथांत 13 गडी, साहेबांच्या पंथांत 15.