घर कुणाच्या नावावर?

हिंगोली जिल्ह्यातले नरसी हे संत नामदेवांचे गाव. नामदेवांबरोबर जनाबाई आठवते. गंगाखेडची ही मुलगी पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी म्हणून वाढली, असे परंपरा सांगते. जन्मभर दळण-कांडण केले ते दुसऱ्याच्या घरात. सातशे वर्षे उलटली, पण राबायचे घर आणि हक्काचे घर यांतले अंतर बाईच्या वाट्याला अजून आहेच.

बेघर म्हटले की पुलाखाली झोपणारी माणसे डोळ्यांसमोर येतात. २०११ च्या जनगणनेने देशात सुमारे १७ लाख ७० हजार बेघर मोजले ते असेच: रस्त्याकडेचे, फलाटावरचे, उघड्यावरचे. नवऱ्याने टाकलेली, भावाच्या पडवीत लेकरांसह पथारी पसरणारी बाई या मोजणीत येत नाही. तिच्या डोक्यावर छप्पर आहे ना! पण भावजयीशी शब्दाने शब्द वाढला की ते छप्परही जाते. खेड्यातल्या बाईचे बेघरपण असे घरातच लपलेले असते.

दारू, मारहाण, दुसरे लग्न ही निमित्ते झाली. मूळ कारण मालकीचे आहे. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने हिंदू वारसा कायदा बदलून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला. तरी वडील गेले की बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. का? तर माहेर तुटू नये म्हणून. आणि उद्या सासरहून हाकलल्यावर त्याच माहेरी त्या आश्रित म्हणून उभ्या राहतात!

सासरच्या घरात राहण्याचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने दिला. घर सासू-सासऱ्यांच्या नावे असले तरी हा हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. हत्यार चांगले आहे, ते वापरायलाच हवे. पण दोन खणांच्या घरात, मारणाऱ्याच्या शेजारी, कोर्टाचा कागद उशाशी घेऊन किती रात्री काढायच्या? महिला आश्रयगृहे गरजेची आहेत, पण तिथला मुक्काम मुदतीचा. मुदत संपली की पुन्हा तोच प्रश्न.

मग घरकुल? प्रधानमंत्री आवास योजनेत घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे द्यावे, असा नियम आहे. अडचण त्याआधीच सुरू होते. यादी कुटुंबाची होते आणि टाकलेली बाई कागदावर स्वतंत्र कुटुंब नसते. तिचे नाव नवऱ्याच्या नाहीतर भावाच्या रेशनकार्डात अडकलेले. शिवाय घर बांधायला जागा लागते. तीही तिच्याकडे नसते.

मैत्रिणींनो, म्हणून कायमचा उपाय कागदापासून सुरू करावा लागेल. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली होती, म्हणजे पुरुषांशी बोलून हे घडू शकते. २००३ मध्ये शासनाने ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावण्याचा निर्णय घेतला. हा उतारा करआकारणीचा आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. तरीही बाईचे नाव तिथे असले तर घर तिचेही आहे, हे ती गावात चारचौघांत दाखवू शकते.

प्रत्येक गटाने चार कामे हाती घ्यावीत. गावातली किती घरे दोघांच्या नावे आहेत, हे ग्रामपंचायतीत जाऊन तपासावे. परित्यक्ता, विधवा व एकट्या बायकांची यादी आपणच करावी आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र रेशनकार्ड मागावे. घरकुलाच्या जागेसाठी त्यांना प्राधान्य द्यावे, असा ठराव ग्रामसभेत मांडावा. आणि हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी बहिणीने गटात येऊन बोलावे, असा रिवाज पाडावा.

भावाशी वाईटपणा येईल, हे खरे. पण ज्या नात्याची किंमत आपल्या घराइतकी आहे, ते नाते तपासून पाहायला नको का?